गाऱ्हाण्यात घातलेली अट

संस्थेचे सर वाकले आणि त्यांनी माझ्या गाडीची सीट हुंगली.

मी बसते ती जागा. चारचौघांच्या देखत. मालवणातल्या हॉलच्या बाहेर गाड्या ओळीने लावल्या होत्या. आम्हा अपंगांच्या स्कूटरी, मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेल्या. प्रत्येकीला झेंडूची माळ. मी कुबडीवर बाजूला उभी. सर ताठ झाले, कुठेतरी लांब बघत म्हणाले, "अजून येतोय."

म्हणजे वास. मासळीचा.

सकाळी आमच्या तोंडवलीहून निघतानाच मी गाडी साबणाने घासून, लिंबू चोळून आणली होती. इथे आल्यावर सरांनी परत धुवायला लावली. आता आणखी एकदा. या वेळी फिनेलची बाटली दिली. हॉलच्या मागे नळ आहे. तिथली फरशी शेवाळलेली. ओल्या फरशीवर कुबडी धरत नाही, म्हणून ती भिंतीला टेकवली, खाली बसले आणि सरकत सरकत गाडी धुतली. अंगावर नवा ड्रेस होता. संस्थेला देणगी देणाऱ्या मुंबईच्या मॅडम येणार म्हणून शिवलेला.

मॅडम आल्या तेव्हा मी अजून खालीच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि पर्समधून रुमाल काढून नाकाला लावला. वाईट बोलल्या नाहीत. हसल्याही असतील, रुमालामागे कळलं नाही. मग पुढे सगळ्या गाड्यांबरोबर त्यांचा फोटो झाला. माझी गाडी ओळीत नव्हती. ओली आहे म्हणून मागेच राहू दे, असं सर म्हणाले.

तेव्हा काय वाटलं, असं मला कोणी विचारलं तर खरं सांगते. काही वाटलं नाही.

पोलिओच्या पायाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं तो पाय मेलेला असतो. तसं नाही. त्याला डास चावलेला कळतो, चटका कळतो, पावसाळ्यातला गारठा तर चांगल्या पायापेक्षा जास्त कळतो. फक्त तो हलत नाही. त्या दिवशी मी सगळीच त्या पायासारखी झाले होते. सगळं कळत होतं.

ती गाडी कशी आली ते आधी सांगते.

आम्ही गाबीत, दर्यावर जगणारी जात. आवस, म्हणजे माझी आई, आयुष्यभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आतल्या गावांत फिरली. बापूस रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर. माझ्या डोक्यावर पाटी चढणं शक्य नव्हतं, मला एका हाताला कुबडी लागते. म्हणून मी बाजारात खाली बसून दुसऱ्यांनी विकत घेतलेली मासळी साफ करून द्यायचे. लोक वरून पिशवी टाकायचे, मी खालून कापून वर द्यायचे. माणसांचे चेहरे मला फारसे माहीत नव्हते. चपला ओळखायची मी.

मग ही संस्था आली. अपंगांना गाडी भाड्याने देणारी. नीट ऐका, भाड्याने. करार पाच वर्षांचा. दर महिन्याला भाडं भरायचं, गाडी नीट ठेवायची, आणि मुदत संपली की गाडी आपल्या नावावर होणार. बाकी अट नव्हती. सरांनीच मला वाचून दाखवलं होतं आणि विचारलं होतं, "तू करणार काय गाडीचं?" मी म्हटलं, "मासळी विकणार." ते हसले आणि म्हणाले, "शाबास. मग आमच्या घरी पण आण."

आणली ना. सरांच्या घरी मी कितीतरी वेळा बांगडे दिले. त्यांच्या वहिनी पारखून घ्यायच्या, कल्ला उघडून बघायच्या. तेव्हा वास आला नाही कोणाला.

पायापाशी थर्माकोलचा डबा, मागे एक डबा, आणि मी हॉर्न वाजवत गावागावांतून. बायका परडं ओलांडून गाडीपाशी यायच्या. "काय हाडलंस गो आज?" मी बसलेली, त्या उभ्या, तरी डोळ्याला डोळा. पस्तिशी उलटल्यावर मला माणसांचे चेहरे माहीत झाले. कोणाच्या घरी सून आली, कोणाला कालवांची खाज सुटते, कोण उधार मागताना आधी माझ्या आईची चौकशी करतं. आवस आता घरी बसली होती. तिच्या डोक्यावरचे केस पाटीने झिजले होते, ते परत येऊ लागले. खरंच येऊ लागले. ती आरशात बघायची आणि लाजायची.

पाच वर्षांतली दोन अशी गेली.

मग संस्थेला नवे देणगीदार मिळाले. मुंबईचं एक कुटुंब, त्या मॅडमचं. सगळ्या गाड्यांवर मॅडमच्या सासूबाईंचं नाव आलं, अमक्यांच्या स्मरणार्थ असं. त्या बाईंनी म्हणे जन्मभर मासळीला हात लावला नव्हता. कोणीतरी माझ्या गाडीचा फोटो पाठवला. वर त्यांचं नाव, खाली डब्यात माझी मासळी, पेडवे. मला त्यांचं दुःख कळतं. आईचं नाव असतं. पण ते नाव माझ्या गाडीवर लावायला मी सांगितलं नव्हतं.

तर तो हॉलातला दिवस. फोटो झाल्यावर गाऱ्हाणं झालं.

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही आणि काही संपत नाही. नारळ ठेवायचा, एक जाणता माणूस देवाला हाक मारतो, आपल्या सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर सगळ्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. मूल बोलायला लागतं तेव्हा हे दोन शब्द त्याला येतात. अर्थ कळायच्या आधी. सर मानकऱ्यांच्या घरातले. ऑफिसात शुद्ध मराठी बोलतात, पण गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. आवाज असा की अंगावर काटा येतो.

"हे बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी तुका नारळ ठेवल्यानी हा, तो मान्य करून घी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या गाड्येर बसतत त्येंका सुखरूप ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ज्येंनी ह्यो गाड्ये दिल्यानी त्येंच्या नावाचो मान रवांदे. ह्या गाड्येंतसून मासळी, मटण, वासाचो माल कोणी न्हेवचो नाय, अशी सगळ्यांका बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"दिवस मावळल्यार गाडी भायर काढूची नाय, अशी बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी पण म्हटलं. माझ्या तोंडाने. अंगाला फिनेलचा वास येत होता आणि मी म्हणत होते, व्हय म्हाराजा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आवस पुढच्या खुर्चीवर हात जोडून बसलेली, तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत. आणि रेडीचा बाबल. त्याचा एक पाय ट्रकखाली गेला. तो दशावतारात मृदंग वाजवतो. दशावताराचं नाटक रात्रीच सुरू होतं, रात्रभर चालतं. दिवस मावळल्यावर गाडी काढायची नाही, याला बाबलनेही मान डोलावून व्हय म्हटलं.

आठवड्याभरात ऑफिसातून बोलावणं आलं. सरांनी नवा करार पुढे ठेवला. मासळी नेणार नाही, रात्री चालवणार नाही, संस्था बोलावील तेव्हा गाडी घेऊन हजर राहीन. नाही पाळलं तर गाडी परत आणि भरलेलं भाडं बुडालं.

मी ऑफिसातल्या मराठीत विचारलं, "सर, पाच वर्षांचा करार आहे. मधेच कसा बदलता?"

सर म्हणाले, "आम्ही कुठे बदलला? तुम्ही सगळ्यांनी मान्य केलंत. देवासमोर. तूसुद्धा. तुझी आई तर सगळ्यात मोठ्याने."

हे बोलताना त्यांना लाज वाटली नाही. माझा अंदाज आहे, त्यांना ते खरंच वाटत होतं.

शेजारच्या खुर्चीवर जामसंड्याची एक शिक्षिका बसली होती, तीही आमच्यातलीच, पायाला कॅलिपर. सही करून झाली होती तिची. ती मला समजावत म्हणाली, "ताई, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत." धर्माची गाय कुठे होती? मी भाडं भरत होते. पण हे मी बोलले नाही. सरांनी पेन माझ्या हातात दिलं. मी ते धरून बसले. सही केली नाही, ते धैर्याने नव्हे. हात उचललाच नाही. थोड्या वेळाने सर म्हणाले, "घरी विचार करून ये." आणि पेन काढून घेतलं.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "देवासमोर व्हय म्हटला ता मोडूक जाताला काय गो?"

मी मासळी बंद केली.

गाडी पडवीत उभी केली, वर जुनी साडी टाकली. मी परत बाजारात खाली जाऊन बसले. जिथे पूर्वी बसायचे तिथेच, ती जागा कोणी घेतली नव्हती. लोक वरून पिशवी टाकत, मी खालून कापून देत होते. एक दिवस एक पिशवी आली, मी कापून वर दिली, आणि वरून बाईने विचारलं, "तू ती हॉर्नवाली ना?" मी नाही म्हटलं. का म्हटलं, मला माहीत नाही. तिच्या घरी मी दोन वर्षं मासळी दिली होती.

रडले नाही. चिडले नाही. जेवत होते, झोपत होते, टीव्ही बघत होते. आवस परत पाटी घेऊन जवळच्या वाडीत जायला लागली, डोक्यावर चुंबळ ठेवून. मी ती पाटी उचलून तिच्या डोक्यावर द्यायला मदतसुद्धा करू शकत नाही. ती शेजारणीला हाक मारायची. मी पडवीत बसून बघायचे. मग पावसाळा आला आणि मासेमारीला समुद्र बंद झाला. त्याचं मला बरं वाटलं. गाडी उभी आहे ती समुद्र बंद आहे म्हणून, असं स्वतःला सांगता यायला लागलं.

एकदा बाबलचा फोन आला. म्हणाला, "मी सही केलंय बा. नाटकाक जाणां सोडलंय." मी म्हटलं, "मग वाजवतंस खंय?" तो म्हणाला, "घराकडे. मांडयेर." आणि मांडीवर थाप मारून हसला. मलाही हसू आलं. नंतर फोन ठेवल्यावर त्या हसण्याची मला भीती वाटली.

नारळी पौर्णिमेला आमच्या किनाऱ्यावर सगळे जमले. दर्याला नारळ दिला. रापणीतल्या सगळ्यात वयस्क काकांनी गाऱ्हाणं घातलं. काकांचा आवाज सरांसारखा नाही, फाटका आहे, वाऱ्यात अर्धा उडून जातो.

"दर्यादेवा म्हाराजा, रापणीक मासळी लागांदे. आमच्या बायांच्यो पाट्ये भरलेल्यो आसांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मी म्हटलं नाही. ठरवलं नव्हतं. तोंड उघडलंच नाही. हॉलात याच तोंडाने मी देवाला सांगितलं होतं की मासळी नेणार नाही. आता त्याच तोंडाने मासळी कशी मागू? माझ्या आठवणीत गाऱ्हाण्याला गप्प राहण्याची ती पहिलीच वेळ. आईने कोपराने ढोसलं. परतताना वाळूत ती माझ्याबरोबर हळू चालत होती, तेव्हा मी तिला विचारलं.

"आये, त्या दिसा हॉलात तू व्हय कित्याक म्हटलंस?"

"सगळी म्हणी होती. गाऱ्हाण्याक व्हय नाय म्हणाचा तर काय म्हणाचा?"

"पण सर काय मागी होते ता आयकलंस?"

ती थांबली. खरंच आठवून पाहिलं तिने. मग म्हणाली, "नाय गो. गाऱ्हाणां आपण खंय आयकतो? ता देव आयकता."

मी तिथेच वाळूत बसले. कुबडी बाजूला पडली. आवस घाबरली, तिला वाटलं मी पडले.

हीच चूक. आमची, पिढ्यान् पिढ्यांची. आमच्या वतीने कोण काय बोलतो, ते आम्ही ऐकतच नाही. आवाज मोठा असला, नारळ ठेवलेला असला, बोलणारा मानाचा असला की आमच्या तोंडातून व्हय निघतं. काका मागत होते ते आमच्यासाठी. सर मागत होते ते आमच्याकडून. आणि दोघांना आमचं उत्तर एकच. मला पहिल्यांदा राग आला. सरांचा नंतर. आधी माझ्या जिभेचा.

दसऱ्याला संस्थेने गाड्यांची पूजा ठेवली. तोच हॉल, तीच ओळ. मी पडवीतल्या गाडीवरची साडी काढली, हवा भरली आणि गेले. धुऊन नेली नाही. तशीही तिच्यावर आता फक्त धुळीचा वास होता.

आवस माझ्याबरोबर होती. बाबल तिकडच्या टोकाला. मॅडम व्यासपीठावर. सरांनी नारळ ठेवला आणि सुरू केलं. सुखरूप ठेव, व्हय म्हाराजा. अडचणी दूर कर, व्हय म्हाराजा. मी एकेक वाक्य ऐकत होते. ऐकायला किती जड जातं ते मला तेव्हा कळलं. आपल्या शेजारचे सगळे एका लयीत जात असतात आणि आपण थांबून शब्द मोजून घ्यायचे.

मग आलं.

"ज्येंनी नव्या करारार अजून सही करूक नाय, त्येंका चांगली बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. बाबल म्हणाला. आवस म्हणाली.

त्यांचं झाल्यावर मी म्हटलं, "नाय म्हाराजा."

ओरडून नाही. जेवताना भाजी नको म्हणावं तसं. पण गाऱ्हाण्यात हे असं कोणी ऐकलेलं नव्हतं. सर अडखळले. घातलेलं गाऱ्हाणं मधे थांबवत नाहीत, ते अशुभ. त्यांनी तेच वाक्य परत म्हटलं, अजून मोठ्याने. या वेळी व्हय म्हणणारे कमी होते. मी परत म्हटलं, "नाय म्हाराजा."

मॅडमनी शेजारच्याला विचारलं, "काय म्हणतेय ती?" त्याने काय सांगितलं मला माहीत नाही.

सर हात जोडलेले तसेच ठेवून म्हणाले, "देवाक नाय म्हणतंस?"

"देवाक नाय, तुमका," मी म्हटलं. "गाऱ्हाण्यात मागणां असता. ही तुमची अट आसा. अट घालूची तर माझ्या तोंडार घाला, देवाच्या आडसून नको. पयल्या करारात मासळी नको, असा खंय नव्हता. तुमीच वाचून दाखवललास. तोच करार माका मान्य. दुसरो नाय."

कोणी टाळी वाजवली नाही. कोणी उठून माझ्या बाजूला आलं नाही. बाबल आपल्या गाडीच्या आरशात बघत राहिला. शिक्षिका पर्समध्ये काहीतरी शोधत होती. गाऱ्हाणं तसंच अर्धं राहिलं, आणि नारळ कोणी फोडावा यावर मागे कुजबुज सुरू झाली. मी गाडी काढली. आवस मागे बसली.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली आणि माझ्या वतीने देवाची माफी मागून आली. मी तिला अडवलं नाही. मी स्वतः मागितली नाही.

बाबलने परत फोन केला नाही. गावातले काही लोक म्हणतात, हिला देवाचं भय राहिलं नाही. सरांच्या घरी मासळी आता दुसरी बाई देते. संस्थेचा निरोप आला आहे, सही कर नाहीतर गाडी जमा कर, न केल्यास माणसं पाठवून नेऊ. भाडं मी दर महिन्याला पाठवते. ते परत येतं. मी परत पाठवते.

आणि मासळी नेते. दसऱ्याच्या आठवड्यातच मी किनाऱ्यावर गेले, रापणीचे तारले डब्यात भरले आणि हॉर्न वाजवत आतल्या गावांत शिरले. अर्ध्या बायका बाहेर आल्या. अर्ध्या नाही आल्या, त्यांना दुसरी मिळाली होती. चालायचंच. गाडी रोज धुते, गोड्या पाण्याने. खारं पाणी राहिलं तर लोखंड खातं. वास जावा म्हणून नाही धूत.

अजून फारसं काही वाटत नाही मला, खरं सांगायचं तर. भीती वाटत नाही, मोठेपणा वाटत नाही. एवढंच झालंय की मला माझं नाय सापडलंय, आणि ते मी परत ठेवणार नाही.

ते गाडी न्यायला येतील तेव्हा मी गाडीवर बसलेली असेन, पायापाशी डबा भरलेला असेल, आणि मी उतरणार नाही. मला गाडीवरून उचलावं लागेल. त्यासाठी त्यांना जवळ यावं लागेल. नाकाला रुमाल धरून माणूस उचलता येत नाही. दोन्ही हात लागतात.